अस्त्र सोडणे आणि अस्त्र आवरणे

कुरुक्षेत्रावर युद्ध सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले होते, असे भीष्मपर्वात सांगितले आहे. सारथी, शस्त्रे वाहून नेणारे, शंख-नगारे वाजवणारे यांच्यावर प्रहार करायचा नाही. हे नियम पुढे मोडले गेले. पण नियम होते म्हणूनच त्या मोडण्याला आपण आजही अधर्म म्हणू शकतो.

आजच्या जगाचा युद्धधर्म म्हणजे १९४९ चे जिनिव्हा करार. चौथ्या कराराच्या १८ व्या कलमाप्रमाणे नागरी रुग्णालयांवर कोणत्याही परिस्थितीत हल्ला करता येत नाही. ते कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोफा आणि बॉम्ब होते. हल्ला संगणकावर झाला तर?

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये करभरणीच्या एका सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' हा व्हायरस पसरला. तो तेथे थांबला नाही. त्याच दिवशी तो आपल्या पेनसिल्व्हेनियातील हेरिटेज व्हॅली या रुग्णालय-समूहात पोचला. रुग्णांची माहिती दिसेना. हृदयरोग, रेडिऑलॉजी, शस्त्रक्रिया या विभागांच्या यंत्रणा सुमारे आठवडाभर बंद पडल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकन न्याय खात्याने रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातील सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. त्यातील आरोप कट, हॅकिंग आणि फसवणुकीचे आहेत, युद्धगुन्ह्याचे नव्हेत.

कायदेपंडित या प्रश्नावर गप्प बसलेले नाहीत. २०१३ च्या 'टॅलिन मॅन्युअल'मध्ये त्यांनी रुग्णालयाचे संगणक आणि तेथील माहिती संरक्षित मानली आहे. तो करार नव्हे, तज्ज्ञांचे मत आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे. पेनसिल्व्हेनियातील रुग्णांवर कोणी नेम धरलाच नव्हता. मग 'आमचा तसा हेतू नव्हता' एवढे म्हणून सुटका होते का?

एक डॉक्टर म्हणून मला ते पटत नाही. औषध देताना आमचा हेतू चांगला असून भागत नाही. ते शरीरात कोठे पोचेल, काय बिघडवेल आणि ते थांबवायचे कसे, हे माहीत असावे लागते. जे माहीत नाही ते देऊ नये, हा आमचा पहिला धर्म.

हा निकष आपल्यालाही लागू आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'ने इराणमधील नतांझ येथील सेंट्रिफ्यूज निकामी केले. तो अमेरिका व इस्रायलचा होता असे मानले जाते. दोघांनीही अधिकृत कबुली दिलेली नाही. तो इतर देशांतील संगणकांतही शिरला, पण मोडतोड ठरलेल्या यंत्रांचीच झाली, इतका तो मोजून बांधला होता. तरीही ते हल्ल्याचे अस्त्रच होते, आणि असे करता येते हे साऱ्या जगाला त्यातून कळले. येथे मतदान करणाऱ्या आपण मंडळींनी हे विसरू नये.

सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही महाअस्त्र सोडतात. अर्जुनाला ते परत घेता येते, अश्वत्थाम्याला येत नाही. शेवटी ते उत्तरेच्या गर्भावर, न जन्मलेल्या बाळावर पडते. त्या बाळाने कोणाचे काय बिघडवले होते? हेरिटेज व्हॅलीतील रुग्णाचाही तोच प्रश्न आहे. म्हणून नव्या युद्धधर्माचा पहिला नियम असा असावा: जे आवरता येत नाही, ते सोडू नये.

श्रीगणेश बुद्धीची देवता. अस्त्र घडवणाऱ्यांना ते आवरण्याचीही बुद्धी मिळो, हीच या उत्सवात प्रार्थना.