रकाना आणि माणूस

संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरांत 'त्रुटी' असे उमटते तेव्हा ती त्रुटी कोणाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. अर्ज भरणारा आपलेच काहीतरी चुकले असे समजतो. टेबलामागचा कारकून 'सिस्टीम घेत नाही' असे सांगून मोकळा होतो. आम्ही कार्यालयांतली अंतर्गत पोर्टले बसवून देणारी, गरजेप्रमाणे त्यांत फेरबदल करणारी आणि बिघडली की दुरुस्त करणारी माणसे. आमच्याकडे हा प्रश्न तांत्रिक तक्रार म्हणून येतो. पण जरा खोलात गेले की तो इन्साफाचा प्रश्न होतो.

राष्ट्रीय ई-शासन योजना २००६ साली मंजूर झाली. पुढे एनआयसीचे ई-ऑफिस आले. राज्यात कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी 'सेवार्थ' आणि शिक्षकांसाठी 'शालार्थ' ही प्रणाली आली. खाजगी संस्थांनीही आपापली पोर्टले उभारली. रजेचा अर्ज, पगारपत्रक, सेवेच्या नोंदी असे सारे त्यांत गेले. गोंदियासारख्या टोकाच्या जिल्ह्यात, सालेकसा-देवरीपर्यंत, याची सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या सोयीच्या दारावर एक चौकीदार बसलेला आहे. तो म्हणजे नावाचा रकाना.

पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव: तीन चौकोन, तिन्ही भरणे सक्तीचे. आता आपल्या विदर्भातल्या मुसलमानांची नावे पाहा. समजा, नाव आहे शेख रहीम शेख करीम. यात पहिला 'शेख' कुठे घालायचा? आडनाव कोणते? एका ऑपरेटरने 'शेख' आडनावात टाकले, दुसऱ्याने 'करीम' टाकले, तिसऱ्याने 'शेख रहीम' हे एकच पहिले नाव धरले. आधारवर एक, सेवापुस्तकात दुसरे, बँकेत तिसरे. यंत्राच्या हिशेबी ही तीन वेगळी माणसे. नोकरीभर हे चालून जाते. पण कुटुंबनिवृत्तिवेतनाची वेळ येते तेव्हा विधवा बाईला प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे घेऊन हे तिघे एकच होते असे सिद्ध करीत फिरावे लागते.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. हा मुलूख पूर्वी मध्य प्रांतात होता. त्या काळच्या दस्तांत माणसाची ओळख 'अमुक वल्द तमुक' अशी लिहीत आणि बाईची 'जौजे' लावून. ही रीत केवळ मुसलमानांपुरती नव्हती, हिंदूंची नावेही तशीच लिहिली जात. त्या जुन्या दस्ताला आडनावाची सक्ती नव्हती. म्हणजे ज्याला आज आम्ही 'नावाची योग्य पद्धत' म्हणतो ती कोणा एकाने कधीतरी ठरवलेली गोष्ट आहे. दक्षिणेत नावाआधी आद्याक्षर लावणारा तमिळ माणूसही याच चौकोनांत अडकतो.

काही अडथळे तर डोळ्यांना दिसतही नाहीत. 'मिर्ज़ा'मधला नुक्ता असलेला 'ज़' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'ज' आणि वेगळा नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती निराळी. नोंद एका प्रकारे झाली आणि शोध दुसऱ्या प्रकारे घेतला तर उत्तर येते, 'नोंद सापडली नाही'. माणूस समोर उभा, त्याचे नाव पोर्टलमध्ये हजर, आणि तरी तो सापडत नाही! उपाय सोपा आहे. साठवताना आणि शोधताना अक्षरे एकाच रूपात आणायची. थोड्या ओळींचे काम. पण ते करण्याआधी कोणाला तरी वाटावे लागते की दोष नावात नसून शोधण्याच्या रीतीत आहे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. हिशेब ठेवणारा म्हणेल, शिस्त हवीच. ज्याने त्याने मनाला येईल तसे लिहिले तर एकाच माणसाच्या चार नोंदी होतील आणि एकाचा पगार दुसऱ्याला जाईल. हे म्हणणे खोटे नाही. नियम नसलेल्या नोंदवहीत दुबळ्या माणसाचेच आधी नुकसान होते. पण शिस्त कशासाठी, हे विसरता कामा नये. माणूस ओळखता यावा म्हणून रकाना असतो. हजर माणसाला जो रकाना नाकारतो, तो आपलेच काम चुकवतो.

अशा वेळी एखादा नेक कारकून काय करतो? आडनावाच्या चौकोनात एक टिंब देतो, किंवा सरसकट 'शेख' लिहून अर्ज पुढे ढकलतो. त्याची नियत चांगली असते. पण ते टिंब कागदावर कायमचे बसते आणि वीस वर्षांनी कोणाच्या तरी वाटेत आडवे येते. याचा गुन्हा त्या कारकुनावर टाकणे आम्हाला मान्य नाही. खोटे लिहा नाहीतर माणसाला परत पाठवा, असे दोनच मार्ग ज्याने त्याच्यापुढे ठेवले, जबाबदारी त्याची आहे.

शिवाय रकाना खरेपणा तपासतो हा समजही भाबडा. २०२५ साली नागपूर विभागात शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले. बोगस शिक्षकांची नावे प्रणालीत घुसवून पगार उचलल्याचा आरोप झाला, अटका झाल्या. आपला गोंदिया याच विभागात येतो. रकाना आकार तपासतो, सचोटी तपासत नाही. आकारात नीट बसणारे खोटे नाव त्यातून सहज जाते आणि आकारात न बसणारा खरा माणूस बाहेर राहतो.

यंत्रावरचा असा आंधळा भरवसा किती दूर जातो हे ब्रिटनमध्ये दिसले. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून 'होरायझन' ही संगणकीय हिशेबप्रणाली आणली. तिच्यात तूट दिसली की पोस्ट चालवणाऱ्यालाच चोर ठरवले गेले. नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरवण्यात आले. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि २०२४ मध्ये कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. प्रणाली सांभाळणाऱ्या कंपनीची माणसे दूर बसून शाखांच्या हिशेबात हात घालू शकत होती, आणि हे वर्षानुवर्षे नाकारले गेले.

ही गोष्ट आमच्या जातीच्या कामगारांनी विशेष लक्षात ठेवावी. ज्याच्या हाती प्रशासकाचा पासवर्ड असतो तो एका ओळीच्या आज्ञेने कोणाचेही नाव, रजा, पगार बदलू शकतो. ही किल्ली म्हणजे अमानत आहे. अमानतदाराने केलेला प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि का केला याची नोंद राहिली पाहिजे, आणि ज्याच्याबद्दल तो आहे त्याला ती पाहता आली पाहिजे.

रकाना बदलता येत नाही असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव लिहायचे: आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. आईसाठी जागा होऊ शकते, तर ज्याला आडनावच नाही त्याच्यासाठीही होऊ शकते. माणूस सांगेल तसे पूर्ण नाव एकाच चौकोनात घ्यावे आणि ओळख पटवण्याचे काम क्रमांकावर सोपवावे. यंत्राला एखादे नाव कळले नाही तर 'नाव चुकीचे आहे' असे म्हणण्याऐवजी 'ही रीत या पोर्टलला कळत नाही, अमुक अधिकाऱ्यास भेटा' असे त्याने सांगावे, आणि त्या अधिकाऱ्याला दुरुस्तीचा अधिकार असावा.

आपल्या घरांतही एक काम आहे. मुलाचे नाव शाळेत घालतानाच सर्वांनी मिळून एक लेखन ठरवावे आणि प्रत्येक कागदावर तेच आहे ना, हे वाचून पाहावे. आपली बरीच मुले आज नागपूर-पुण्याला जाऊन हीच पोर्टले बनवतात. त्यांच्याशी याबद्दल बोलले पाहिजे. रकाना आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या वेळी जी माणसे असतात त्यांचीच नावे त्यात बसतात. सालेकशाची आदिवासी बाई आणि देवरीचा शेख त्याच्या डोळ्यांपुढे असतील, तर तो चौकोन आपोआप मोठा होईल.