परमुलखी शिकताना

मंडळीतली मुले आज मेलबर्न, टोरांटोला शिकायला निघतात. आपण लोणचे बांधून देतो, प्रार्थनाही करतो. तेथे काय घ्यावे व काय नाकारावे, हे मात्र बोलत नाही.

दानीएलाने बाबेलात खास्द्यांची भाषा व विद्या घेतली, बेल्टशस्सर हे परके नावही सोसले. राजाच्या ताटापाशी मात्र तो थांबला. पण भांडला नाही, १० दिवसांची कसोटी विनवून मागितली. संडेस्कूलच्या शिक्षकांनो, हे विनविणे मुलांना अवश्य दाखवा.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या. शाकाहार सोडला नाही. तिकडच्या एका भगिनीला त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाई तर क्रूसावरही लॅटिनऐवजी संस्कृत शब्द हवेत म्हणत होत्या.