गळता नळ आणि प्रमादाचा प्रश्न

लखनौच्या चारबाग स्थानकाच्या आसपास, नाका हिंडोल्यापासून ऐशबागेच्या बाजूपर्यंत, जुन्या घरांची जी दाटी आहे तीत वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचे पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतात मुरणे ही इतकी नित्याची गोष्ट आहे की, तिच्याविषयी कोणी तात्त्विक निबंध लिहावा हेच मुळी हास्यास्पद वाटावे. परंतु अशा घरातला खालचा भाडेकरू ओल्या भिंतीची तक्रार घेऊन जिना चढतो, तेव्हा वरचा गृहस्थ त्याला त्या शहराच्या रिवाजाप्रमाणे अदबीने बसवून घेऊन जे उत्तर देतो, ते धर्मशास्त्र्यांनी कान देऊन ऐकण्यासारखे असते. “जनाब, आम्ही तर काहीच केलेले नाही,” असे तो म्हणतो, आणि ते अक्षरशः खरे असते.

त्याने भिंत फोडली नाही, पाणी ओतले नाही, शेजाऱ्याचे अकल्याण चिंतिले नाही. तोटीतला रबरी वायसर झिजला, किंवा टाकीतल्या बॉलकॉकचा दांडा वाकून भरल्या टाकीतही पाणी येतच राहिले, किंवा मिस्त्रीने सुतळी-सफेदा लावून बसविलेला सांधा फरशीखाली गंजून पाझरू लागला; यांपैकी कोणत्याही घटनेला कर्ता नाही, संकल्प नाही, आणि ती अमुक घटकेस घडली असे सांगता येण्याजोगा आरंभही नाही. फळ मात्र आहे. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटर आणि वर्षाला सुमारे ७,९०० लिटर पाणी जाते. हा खर्च कोणाच्या खाती मांडावयाचा?

डिसेंबर १९१६ मध्ये लोकमान्य टिळक काँग्रेसच्या अधिवेशनासाठी याच शहरी आले, तेव्हा चारबागेच्या आजच्या भव्य इमारतीची कोनशिला बसून पुरती तीन वर्षे झाली नव्हती आणि ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध होऊन दीड वर्षच लोटले होते. कर्माची योग्यता त्याच्या बाह्य परिणामावरून न ठरविता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, हा त्या ग्रंथातील एक मुख्य सिद्धांत; आणि मिल्लप्रभृतींच्या सुखवादाला दिलेले उत्तर म्हणून तो मला आजही भक्कम वाटतो. परंतु वरच्या मजल्यावरचा गृहस्थ नेमका याच सिद्धांताचा आश्रय करून निर्दोष सुटू पाहतो, कारण त्याची बुद्धी कोणाही साक्षीदाराने तपासली तरी स्वच्छच आढळावयाची. जेथे कर्मच नाही, तेथे शुद्ध बुद्धीची कसोटी घासावयाची कशावर?

याचे उत्तर गीतेतच आहे, आणि ते चौदाव्या अध्यायात आहे. तमोगुण जीवाला ज्या तीन दोऱ्यांनी बांधतो त्यांत आळस आणि निद्रा यांच्या आधी प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, गणना केलेली आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात सनत्सुजात धृतराष्ट्राला मृत्यू म्हणून निराळे काही नाही, प्रमाद हाच मृत्यू, असे जे सांगतो, ते ज्या राजाला सांगितले आहे त्याकडे पाहिले म्हणजे त्यातील मर्म कळते. कारण धृतराष्ट्राने स्वतः फासे टाकले नव्हते, वस्त्राला हात घातला नव्हता, भर सभेत तो केवळ बसून राहिला होता. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात तर बंधाच्या पाच कारणांत मिथ्यात्व, अविरती, कषाय आणि योग यांच्या पंक्तीला प्रमादाला स्वतंत्र आसन दिले आहे, आणि मला त्या सूत्रकाराचा विवेक विशेष वाटतो. दुष्टपणा निराळा आणि बेसावधपणा निराळा, पण बांधतात दोन्ही, हे त्याने ओळखले. मग बुद्धी शुद्ध असणे म्हणजे तिच्यात द्वेष नसणे एवढेच नव्हे, ती जागी असणेही त्यातच आले, आणि असा अर्थ घेतला तर लोकमान्यांच्या सिद्धांताला काही बाधही येत नाही.

प्रमादाचे अगदी निर्भेळ उदाहरण पाहावयाचे असेल तर कुलूपबंद घरात पाहावे. न्हाणी ट्रॅपच्या वाकात दोन बोटे पाणी साचून राहते आणि तेच गटाराचा दुर्गंध घरात येऊ देत नाही. घरमालक गावी गेला, ते पाणी सुकले, की खालची हवा वर येऊन जिन्यापर्यंत पसरते. येथे तर घरात माणूसच नाही! उपाय तांब्याभर पाण्याचा आहे, पण तो ओतण्याची आठवण कोणाला तरी असावी लागते.

लखनौसारख्या शहरात या प्रश्नाचा मुसलमानी पक्ष ऐकल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. पैगंबर एका मुद्दभर, म्हणजे भरल्या ओंजळीइतक्या, फार तर लिटरभर पाण्यात वजू, म्हणजे नमाजापूर्वीचे प्रक्षालन, करीत, असे हदीसांत नमूद आहे; आणि वाहत्या नदीकाठी बसूनही वजूत पाणी वाया घालवू नये, असे त्यांनी एका सोबत्याला बजावल्याची कथा त्या परंपरेत सांगतात. नदीचे पाणी तर कमी होणार नव्हते. म्हणजे त्या कथेतील दोष हानीच्या मोजमापावर अवलंबून नसून हाताच्या बेपर्वाईवर अवलंबून आहे. वर मांडलेल्या हिशेबातील एका दिवसाच्या गळतीत वीस माणसांची वजू होईल, हा हिशेब मांडणारा मुल्ला आणि प्रमादाची व्याख्या करणारा शास्त्री एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

कायद्याने मात्र निराळी वाट धरली. १८६८ साली इंग्लंडच्या उमरावसभेने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात असे ठरविले की, ज्याने आपल्या जागेत पाणी साठविले आणि ते निसटून शेजाऱ्याच्या खाणीत शिरले, त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा नसला तरी भरपाई त्यानेच द्यावी. पण सहाच वर्षांनी, १८७४ मध्ये, मद्रास रेल्वे कंपनीने कार्वेटिनगरच्या जमीनदारावर, त्याचे तलाव फुटून लोहमार्गाची हानी झाली म्हणून जी फिर्याद केली, तीत प्रिव्ही कौन्सिलने हा नियम लावण्याचे नाकारले. ते तलाव पुरातन होते, रयतेच्या शेतीसाठी राखलेले होते, आणि ते राखणे ही जमीनदाराची मर्जी नसून या देशातील वहिवाटीप्रमाणे त्याचे कर्तव्य होते. तेव्हा हयगय सिद्ध झाल्यावाचून त्याला दोषी धरता येत नाही, असा निवाडा झाला. गोऱ्या न्यायाधीशांनी तलावामागचा धर्म ओळखला, ही गोष्ट आपल्याकडे असावी तितकी सांगितली जात नाही. आता गच्चीवरची टाकी काही रयतेसाठी नसते, ती स्वतःच्या सोयीसाठी असते. म्हणून तिच्या मालकाला कार्वेटिनगरची सबब मिळत नाही, आणि रायलंड्सचा कडक नियम त्याला लागू करण्यास माझी हरकत नाही.

हरकत येते ती निराळ्या ठिकाणी. वरच्या मजल्यावर समजा एखादी वृद्ध विधवा भाड्याने राहते. सांधा पाझरतो हे तिला पुरते ठाऊक आहे, ती त्याखाली बादली ठेवते, त्या पाण्याने फरशी पुसते, पण फरशी फोडून नळ बदलण्याइतका पैसा तिच्यापाशी नाही. १८६८ च्या नियमाने ती ऋणको ठरते. प्रमादाच्या कसोटीने ती निर्दोष आहे, कारण त्या घरात त्या थेंबाकडे लक्ष असलेली ती एकटीच होती, आणि येथे मी कायद्याची बाजू सोडून सनत्सुजाताची घेईन. खर्च पडावा तो घरमालकावर, जो भाड्याची पावती खालीच हातात देतो आणि वर्षानुवर्षे जिना चढत नाही. आणि थोडा दोष खालच्या भाडेकरूकडेही जातो, कारण आपली भिंत ओली होईपर्यंत वरचे टपटपणे त्यालाही रात्री ऐकू येत होते.