एका चौकटीत किती क्षण?

छायाचित्र म्हणजे थांबवलेला एक क्षण, ही समजूत इतकी रुळली आहे की तिला कुणी पुरावा मागत नाही. जपानच्या पॅनॉन कंपनीचा वाइडलक्स हा जुना, आता क्वचितच हाती लागणारा कॅमेरा तिला सुरुंग लावतो. त्याची २६ मिलिमीटरची लेन्स जागेवर राहत नाही, आडवी फिरते. तिच्यामागची उभी फट वक्र ताणलेल्या फिल्मवरून उजेड सरकवत नेते आणि सुमारे १४० अंशांचे दृश्य उमटते. म्हणजे डावी कड आणि उजवी कड एकाच वेळची नसते. अभिनेते जेफ ब्रिजेस यांनी याचाच फायदा घेत एकाच नटाचे हसरे आणि रडवे तोंड एका चौकटीत आणले. लेन्स पोचायच्या आत नटाने दुसरीकडे पळायचे, एवढेच.

क्षणिकवादी बौद्ध म्हणतील, हे दोन क्षणांचे दोन चेहरे. ‘तोच माणूस’ ही मनाची जोडणी. न्यायदर्शनाचे नैयायिक प्रत्यभिज्ञेकडे, म्हणजे ‘हा तोच’ या ओळखीकडे, बोट दाखवतील: ओळख पटली नसती तर चित्र पाहून हसू आलेच नसते. बौद्धांचे उत्तर तयार आहे, दिव्याची ज्योतही क्षणोक्षणी नवी असून आपल्याला तीच वाटते. मला इथे नैयायिकांचे पारडे जड वाटते, कारण नट खरोखरच धावला आहे. पण ती धाव चित्रात नाही. ती आपण अनुमानाने भरतो. मग चित्राने थांबवला तो क्षण कोणता?

ही एका विचित्र यंत्राची करामत आहे, साधा कॅमेरा क्षण पकडतोच, असे कुणी म्हणेल. पण छायाचित्रकार लार्तीग यांच्या गाजलेल्या छायाचित्रातील शर्यतीच्या गाडीचे चाक पुढे कललेले दिसते आणि प्रेक्षक उलट दिशेला. तिथेही शटरची फट फिल्मच्या जागी असलेल्या काचेवरून सरकतच होती, फक्त वेगाने. फोनचा पॅनोरामा हेच करतो हा आक्षेप अधिक वजनदार. मात्र फोन तुकडे सांधून वेळ लपवतो आणि सांधा दिसला की आपण चित्र पुसून टाकतो. उरली दुर्मीळपणाची हौस. ती असतेच, किंमतही बरीचशी तिचीच. पण ती कपाटातल्या कॅमेऱ्यानेही भागते. फिल्म घालून तो चालवणारा वाकलेली क्षितिजे आणि चौकटीत घुसलेली स्वतःची बोटे पत्करतो, ती सरकत्या वेळेसाठी.