डायानाचा सातबारा

कारखान्याचा सकाळचा भोंगा होऊन गेल्यावर, चहाचा दुसरा पेला हाती येईपर्यंतच्या निवांत अवकाशात उतारवयातल्या गृहस्थाने पोथीचा एखादा अध्याय वाचावा, अशी वारणानगरची रास्त अपेक्षा असताना मी वेताळाचा जुना अंक उघडून बसतो, हे आमच्या घरातले दप्तरदाखल झालेले प्रकरण आहे. लहानपणी पहिला अंक घरी आणला तेव्हा आईने माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली होती. तिच्या लेखी वेताळ म्हणजे शिवेवरचा शेंदूर माखलेला दगड, मुखवट्यातला गोरा साहेब नव्हे.

ली फॉक यांनी 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकी वृत्तपत्रांतून सुरू केलेली ही वेताळाची चित्रकथा अद्याप अव्याहत चालू आहे. आपल्याकडे 1964 च्या मार्चात या कथा छापणारे इंद्रजाल कॉमिक्स निघाले, पुढे ते मराठीतही आले, आणि वेताळाचा मूळचा ‘बेंगाला’ देश वाचकास आपला बंगाल वाटू नये म्हणून त्याचे ‘देंकाली’ असे बारसे झाले. काळ्या माणसांच्या अरण्यात एका गोऱ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या न्यायनिवाडा करावा, ही कल्पना आज घशाखाली उतरत नाही. तरीही अंक हातून सुटत नाही याचे श्रेय मी नायकाला देत नाही. ते त्याच्या प्रेयसीचे, डायाना पामरचे.

पहिल्याच कथेत ही मुलगी प्रथम दिसते तीच मुष्टियुद्धाचे हातमोजे घालून, सरावाच्या गड्याला लोळवताना! पुढे तिला चाच्यांनी पळवावे व वेताळाने सोडवावे हा रिवाज फॉकनी इतक्या वेळा पाळला की कंटाळा यावा, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामाकरिता देशोदेशी जाणारी, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या गुहेत कायमची न अडकलेली, 1977 साली, म्हणजे तब्बल 41 वर्षांनी लग्न झाल्यावरही स्वतःचे काम न सोडणारी ही स्त्री, चित्राच्या चौकटीबाहेर गेली तरी कुठेतरी काहीतरी करीत असणार, असा भरवसा वाचकाला वाटत राहतो. आणि पात्र चांगले लिहिले आहे की नाही याची माझी कसोटी तेवढीच आहे. कथेत तिचा स्वतंत्र सातबारा आहे. नायकाच्या उताऱ्यावर इतर हक्कांत केलेली ती नोंद नव्हे.

सातबारा हा शब्द मला उगाच सुचला नाही. उसाची लागण, भांगलण, जनावरांचा चारा, दुधाची धार यांत जिचा जन्म गेला त्या आईचे नाव आमच्या सातबाऱ्यावर प्रथम लागले ते वडील निवर्तल्यावर, वारस म्हणून, तलाठ्याच्या दप्तरातल्या एका फेरफाराने. तोवर डायानाची बदली, डायानाचा प्रवास, डायानाचे रुसवे यांचा माझ्यापाशी चोख हिशेब होता. आई दुपारची रानात एकटी असताना काय गुणगुणते, हे मात्र मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घ्यावे असे कधी मनातही आले नव्हते.

ती थकल्यावर एकदा मी तिला अंकातली चित्रे दाखवीत बसलो. वेताळाकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. डायाना नोकरी करते हे कळल्यावर मात्र चष्मा सावरून तिने विचारले, ‘‘आणि पगार कुणाच्या हातात देती रं ही?’’

मी पहिल्या पानापासून पुन्हा शोधू लागलो.