माहेरच्या नावाची हाक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


ज्ञानेश्वर माउलींच्या आयुष्याबद्दल आपण जे सांगतो, त्यातलं बरंचसं आपल्याला कुणी सांगितलं, हे कधी मनात आलंय का? त्यांच्या मित्राने. माउलींनी गीतेवर लिहिलं, स्वतःची कहाणी सांगत बसले नाहीत. ती सांगितली नामदेव महाराजांनी. आदि, तीर्थावळी आणि समाधी ही प्रकरणं त्यांच्याच गाथ्यात येतात.

तीर्थावळी म्हणजे तर मित्रांच्या प्रवासाचीच गोष्ट. नामदेवांचा पाय पंढरपुरातून निघेना. ज्ञानदेव स्वतः बोलवायला आले, आणि शेवटी विठ्ठलानेच नामदेवांचा हात त्यांच्या हातात दिला. वाटेत दोघांना तहान लागली, विहीर खोल. ज्ञानदेव योगबळाने पाणी पिऊन आले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला, तशी विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. योग मोठा की भक्ती, हे समजावताना ही गोष्ट सांगतात. आम्हाला बायकांना मात्र त्यातलं दुसरंच आवडतं. पाण्यापर्यंत जायची रीत वेगळी, तरी पुढची वाट दोघे सोबतच चालले.

मागच्या महिन्यात आम्ही पाच मैत्रिणी निपाणीहून पंत बाळेकुंद्रीला जाऊन आलो. अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजातल्या आम्ही. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, रोज राज्य बदलून तासाला बसायचो! दोघींची घरची भाषा कानडी, तिघींची मराठी. तवंदी घाट उतरेपर्यंत शेंगाचटणी-धपाट्यांचा डबा रिकामा झाला, आणि संकेश्वरला पाचवी गाडीत बसली. तिचे यजमान गेल्या वर्षी गेले. आई-वडील त्याआधीच गेलेले.

लग्नात आपल्यापैकी कितीतरी जणींचं नाव बदललं. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, सासरच्या सगळ्यांच्या तोंडी नवं नाव. जुनं नाव माहेरी उरतं, आणि आई-वडील गेले की तेही बंद होतं. गाडीत आमच्यातल्या एकीने सहज तिला जुन्या नावाने हाक मारली, "अगं, सरक की जरा." तशी ती खिडकीकडे तोंड करून रडायला लागली. म्हणाली, "वर्षभर सगळे मला धीर देतायत. पण या नावाने कुणी बोलावलंच नाही गं." कुणी काही बोललं नाही. कानडीवालीने तिचा हात धरला, तो बेळगाव येईपर्यंत सोडला नाही.

पंत महाराजांच्या समाधीपुढे आम्ही बसलो. महाराज 1905 साली देह ठेवून गेले, पण तिथे गेल्यावर 'अवधूत' म्हणताना आजही घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. इतर वेळी आम्ही देवापुढे मागण्यांची यादीच घेऊन बसतो. मुलाची नोकरी, गुडघे, सुनेचं बाळंतपण. त्या दिवशी मागणं सुचलंच नाही. आम्ही एकेकीकडे बघून हात जोडले, ते आभाराचे. आम्ही परीक्षेत नापास झालो होतो, सायकलवरून पडलो होतो, गाणं म्हणायचो, हे सगळं या चौघींकडे जपून ठेवलेलं आहे. मुलांना सांगितलं तर खरंसुद्धा वाटत नाही. पावती फाडताना नाव विचारलं, तेव्हा तिने क्षणभर थांबून माहेरचं नाव सांगितलं.

माउलींनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, तेव्हा नामदेव तिथे होते. त्यानंतर परंपरेनुसार ते 54 वर्षं जगले, पंजाबपर्यंत नाम घेऊन गेले. मित्र नसताना इतकी वर्षं! आणि मित्राची आठवण त्यांनी अभंगांत जपली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

येत्या गुरुवारी आरती झाली की प्रत्येकाने एका जुन्या मैत्रिणीला किंवा मित्राला फोन लावायचा आहे. सुप्रभातचं फूल फॉरवर्ड केलं तर ते धरलं जाणार नाही, बोलायचं. पुरुष मंडळींनीही. आणि हाक शाळेतल्याच नावाने मारायची.