वर्दी उतरल्यावर

पिपरी मेघेचा आपला माणूस फौजेतून पेन्शनीत निघतो तेव्हा चाळिशीही गाठलेली नसते. मग काय? बँकेच्या दारावर पुन्हा वर्दी, पुन्हा बंदूक. पोरं हसतात. हसू नका गड्यांनो, त्याला घर चालवायचं आहे. सवाल वेगळाच आहे. तो सॅल्यूट वर्दीला होता की माणसाला?

सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतून निघून खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर झाले. सरकारी पैसा त्यांच्या हाती. पण १९०१ साली घरची लेकरं मसूर स्टेशनावर उतरली, जात कळली, अन् एक गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं, वर गाडी पोरांनीच हाकायची! त्या पोरांत भीमराव होते. बापाची सुभेदारी मसूरपर्यंतही चालली नाही.

गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला पेन्शनीत निघाले अन् १८८८ ला 'विटाळ विध्वंसन' काढून सवर्णांना शिवाशिवीचा जाब विचारला. पोट गावच्या भाकरीवर नव्हतं, म्हणून जीभ मोकळी होती. मला तर बिल्ल्यांपेक्षा ही मोकळीक मोठी वाटते. बँकेच्या दारावर उभा असलेल्यापाशीही ती आहे, ड्यूटी सुटल्यावर. वस्तीतल्या रात्रीच्या वर्गावर शिकवायला येता का, असं त्याला आपण कधी विचारलं काय?